चहा उकळेपर्यंत

४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू शिवून पाठवलेला झगा अंगावर अगदी चोख बसला. मापं न घेता कसं जमतं तुला, कोण जाणे.

पत्रात मी पाठवलेल्या ऐकण्याच्या यंत्राबद्दल मात्र अक्षर नाही, म्हणजे ते अजून खोक्यातच आहे. फोन तू उचलत नाहीस, म्हणून तर आपण पुन्हा पत्रांवर आलो. भावजी गेल्यापासून बाहेर पडत नाहीस, गिऱ्हाइकंही फिरकेनाशी झालीत, असं तूच लिहिलंस. मला काळजी वाटते.

यंत्र दिवसभर नको घालूस. सकाळी चहा उकळेपर्यंत घाल, मग काढ. मीही तेवढा वेळ मोबाइल दूर ठेवून नुसती बसेन. मलाही ते जडच जातं.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझी ठकी

१५ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

बहिणी कानातलं देतात ते सोन्याचं. तू प्लॅस्टिकचं दिलंस. असो. घातलं बाई.

नळ गळतो, हे मला माहीतच नव्हतं. माझ्या सपाता किती फरफटतात गं. चहाचं आधण तर कुणी कापड फाडतंय असं वाटलं. दोनतीन दिवस गंमत वाटली.

मग लक्षात आलं. ऐकू येत नव्हतं तेव्हा मशीनवर बसून वाटायचं, हे आतल्या खोलीत असतील, खोकत असतील, मलाच ऐकू येत नसेल. आता ऐकू येतं, की आत कुणी नाही.

यंत्र खोक्यात ठेवलंय. रागावू नकोस.

आहे तशीच माया ठेव.
ताई

२४ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि चहा न पिताच कामावर गेले. हे मला आधी सुचायला हवं होतं. तुला नको असेल तर राहू दे, मी पुन्हा म्हणणार नाही.

मी मात्र माझं बसणं सोडलेलं नाही. माझ्याही घरात नुसतं भांडंच बोलतं. त्या वेळी तूही ओट्याशी उभी असशील, एवढं मनात धरून बसते.

लोभ कमी करू नकोस.
तुझी ठकी

६ ऑगस्ट

चि. ठकूस,
अ. उ. आ.

तू तिकडे एकटी बसतेस म्हणून यंत्र पुन्हा काढलं. तुला सोबत, दुसरं काही नाही.

परवा चहा ठेवला आणि दारावर टकटक झाली. उघडलं तर समोरच्या घरातली नर्स परत निघालेली, हातात खिसा उसवलेला कोट. मला पाहून तीच दचकली. म्हणाली, रात्रपाळीहून येताना कितीदा वाजवलं, मावशी, तुम्ही उघडतच नाही. शेवटी वाटलं, तुम्हाला कुणी नकोच आहे. जिन्यातल्या बाकीच्यांनाही तसंच वाटतं म्हणे.

आणि मी समजत होते, मला सगळे विसरले.

शेगडी बारीक करून खिसा लावून दिला. ती गेल्यावर घर पुन्हा होतं तसं झालं. आतल्या खोलीत कुणी नाही, ते मी जरा वेळ ऐकत बसले. तेवढ्यात ओट्यावर चरचरलं. चहा उतू गेला होता. शेगडी पुसेपर्यंत यंत्र काढायचं राहूनच गेलं.

रविवारी फोन कर. लोभ सगळा पत्रातच नको संपवूस.

तुझी ताई