सुळक्यावर राहिलेल्या वडिलांना परतीच्या फेरीत आणण्याबाबत

प्रति,
मा. हवाई सहल अधिकारी,
धबधबा दर्शन विभाग.

विषय : वडिलांना सुळक्यावरून परत आणण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे उत्तर, ‘वजनाअभावी विचार करता येत नाही.’

महोदय,

मी छापखान्यात कागद कापण्याच्या यंत्रावर काम करतो. आईला धबधबा वरून पाहायचा होता, म्हणून आईवडील, पत्नी व मी असे चौघे आपल्या हेलिकॉप्टर सहलीस आलो. नियमाप्रमाणे तळावर सर्वांचे वजन झाले. आईचा आकडा मोठ्याने वाचला गेला तेव्हा वडील म्हणाले, “इतकी वर्षं हिनं मला हा कळू दिला नव्हता.” आई दिवसभर त्यांच्याशी बोलली नाही.

धबधब्यासमोरच्या सपाट सुळक्यावर आपले हेलिकॉप्टर थोडा वेळ उतरते. तेथून खाली उतरायला वाट नाही. निघताना वारा बदलल्याने एकाला मागे ठेवावे लागेल, असे वैमानिकांनी सांगितले व वजनांचा तक्ता पाहून वडिलांकडे बोट केले. वडिलांनी आपला स्वेटर आईच्या अंगावर घातला आणि म्हणाले, “तुम्ही व्हा पुढे. हिच्या अबोल्यात निदान धबधबा तरी ऐकू येईल. चहा सांगून ठेवा.” पुढच्या फेरीत आणतो, असा शब्द वैमानिकांनी दिला होता.

पुढच्या फेरीत जागा नव्हती. संध्याकाळी वडिलांच्या वजनाची मुदत संपली. त्याच दिवशी तळावर तोललेल्या व्यक्तीलाच हेलिकॉप्टरमध्ये बसता येते. वडील तळावर येऊ शकत नाहीत, म्हणून त्यांना तोलता येत नाही. आणि तोलले नसल्याने आणता येत नाही. वजनकाटा सुळक्यावर न्यावा, अशी विनंती मी केली. काटा हलवल्यास त्याचे सील तुटते, असे खिडकीवरील कारकुनांनी समजावले. ते सौजन्याने वागले. “नियम तुमच्या वडिलांच्याच सुरक्षिततेसाठी आहे, दादा,” असे ते म्हणाले.

फेऱ्या चालू आहेत. माहिती सांगणाऱ्या बाई आता धबधब्यानंतर वडिलांकडेही लक्ष वेधतात. काही प्रवासी बिस्किटे टाकत. त्याने वजन अनिश्चित होते म्हणून आपण मनाईची पाटी लावलीत. तळावर रोज विक्रीस येणाऱ्या छायाचित्रांत वडील आधी हात हलवताना दिसत. पुढे ते बसलेले असत. गेले काही दिवस ते एका कुशीवर आहेत. “आज हात का नाही केला यांनी? अजून रागावलेत का?” असे आईने विचारले. डोळ्यांवर ऊन आले असेल, असे पत्नीने सांगितले.

आपल्या नियमावलीनुसार, मांडीवर मावेल असे सामान न तोलता आणता येते. छायाचित्रांवरून पाहता वडील आता आईच्या मांडीवर मावतील. ते हलत नसल्याने उड्डाणास अडथळा होणार नाही. तरी त्यांना सामान म्हणून आणण्याची परवानगी द्यावी. सामानाची जबाबदारी प्रवाशाची असते, याची आम्हांस जाणीव आहे.

आईचे वजन आज सकाळी केले असून त्याची मुदत संध्याकाळपर्यंतच आहे. आई स्वेटरसह तोलली आहे. परतताना तो वडिलांच्या अंगावर असेल. एकूण वजनात फरक पडणार नाही.

आपल्या निर्णयासाठी तळावरच थांबलेला,
सुळक्यावरील प्रवाशाचा मुलगा
(सही)
दिनांक : आजचाच

सोबत :
१. आईच्या वजनाची पावती
२. वडिलांच्या तिकिटाचा परतीचा भाग, न वापरलेला
३. छायाचित्रे (परत मिळावीत, आईला पाहायची असतात)