यान ‘त्रिशंकू’चं शेवटचं शूटिंग

४ ऑगस्ट २००७, शनिवार
आजपासून सिनेमा! इंग्लंडातल्या ब्रॅकनेलमधला पहिला मराठी अंतराळ-भयपट. लेखक, दिग्दर्शक, कॅमेरामन: अस्मादिक. कॅप्टन: कन्या तनू. सप्टेंबरअखेर ती कॉव्हेंट्रीला युनिव्हर्सिटीत जातेय, त्याआधी उरकायचं. ती जातेय म्हणूनच मी हे काढलंय, असं सौ. आसावरीचं मत. बायकांना कशातही भावना दिसतात.

११ ऑगस्ट
मंडळाचे अध्यक्ष कमलाकरकाका यांनी हॉलची मागची खोली दिली. गणपतीची सजावट यंदा माझ्याकडे आहे, याची आठवणही दिली. बघू. गणपती कुठे पळून चाललेत!
यान थर्मोकोलचं, वर किचन फॉइल, लुकलुकते दिवे. मधोमध कॅप्टनची उंच खुर्ची. हॉलिवूडनं तोंडात बोटं घालावीत.
तनूला हेल्मेट. पुढे चकचकीत प्लास्टिक. ते शेवटच्या सीनलाच काढायचं. सगळे मेलेत, एकटी कॅप्टन राक्षसाशी लढायला निघते, पृथ्वीवरच्या बापाला रेडिओवर म्हणते, ‘बाबा, मी येते.’ क्लोजअप. तोपर्यंत चेहरा दाखवायचाच नाही. सस्पेन्स!

१८ ऑगस्ट
राक्षस: माझ्या ऑफिसातला श्रीकांत. अंगभर हिरव्या रंगात भिजवलेला साबुदाणा. भयानक दिसेल असं वाटलं होतं. खिचडी दिसला. तनू हेल्मेटच्या आत खदाखदा हसत होती, सगळ्या टेकमध्ये. नो प्रॉब्लेम. एडिटिंगमध्ये तिचा आवाज काढून टाकीन.

२ सप्टेंबर, रविवार
तनू म्हणाली, शेवटचा सीन आजच घेऊ या ना, नंतर माझं पॅकिंग आहे. म्हटलं, क्लायमॅक्स असे घाईत उरकत नसतात. पंधराला घेऊ, निवांत.
वर तिची शंका: कॅप्टन तर मरणार, मग ‘येते’ कशाला, ‘जाते’ पाहिजे. म्हटलं, आपल्यात निघताना ‘जाते’ म्हणत नाहीत. एवढंही माहीत नाही? आसावरीनं शिकवायला हवं होतं.

१५ सप्टेंबर
घात झाला. आज चतुर्थी!
कॅमेरा घेऊन हॉलवर पोचलो, तर यान स्टेजवर आणि कॅप्टनच्या खुर्चीत गणपती. प्राणप्रतिष्ठा झालेली, आरती चालू. काकांना वाटलं, हीच माझी सजावट. जो तो पाठ थोपटत होता, अनुपराव, काय थीम काढलीत! सजावट करायची विसरलो हे कोणत्या तोंडाने सांगणार? थँक्यू म्हटलं.
विसर्जन तेवीसला. तनू निघणार बावीसला. मूर्ती तासभर बाजूला ठेवू का, असं हळूच विचारलं. काका असे बघायला लागले की जणू राक्षस मीच. तनूनं दुसरा मोदक घेतला आणि म्हणाली, बाबा, राहू दे ना.

१७ सप्टेंबर
राहू दे काय! शेवटचा सीन घरीच, गॅरेजमध्ये. जुना फ्रीज म्हणजे यान. जमतंय.

१९ सप्टेंबर
तनू मैत्रिणींकडे.

२० सप्टेंबर
तनू मैत्रिणींकडे. फ्रीजला फॉइल लावून ठेवली.

२२ सप्टेंबर
कॉव्हेंट्री. क्लोजअप तिथेच, तिच्या नव्या खोलीत घ्यायचा असं ठरवलं होतं. कॅमेरा गाडीच्या डिकीतच राहिला, चार्जरसकट. सामान वर नेलं, पडदे लावले, कुकरची शिट्टी कशी बसवायची ते दाखवलं. दारात तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, ‘बाबा, मी येते.’ खरं तर निघत होतो आम्ही.
आसावरी परतताना रीडिंग गावापर्यंत रडली. माझ्या डोळ्यांना ‘हे-फीव्हर’, परागकणांची ॲलर्जी. सप्टेंबरातही होतो कधीकधी.

२३ सप्टेंबर
हॉलच्या मागे टबात विसर्जन. ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणताना माझाच आवाज सगळ्यांत मोठा होता म्हणे. यान स्किपमध्ये, म्हणजे कचऱ्याच्या मोठ्या पेटीत गेलं. सजावटीचं बक्षीस मिळालं, स्टीलचा डबा.
संध्याकाळी टेप लावली. म्हटलं, तनू तरी दिसेल. शॉटमागून शॉट हेल्मेट. त्या चकचकीत प्लास्टिकवर दिसतो तो मी, कॅमेरा घेऊन उभा. अख्ख्या उन्हाळ्यात पोरीचा चेहरा एकदाही घेतला नाही मी.
आसावरी म्हणाली, आवाज तरी वाढव, हसतेय ती.
वाढवला.