उन्हात ठेवलेली बॅटरी

अण्णा,

धाकटीने आज इथे ग्वाल्हेरला, थाटीपुरच्या आमच्या क्वार्टरच्या गच्चीत वॉकमनचे सेल उन्हात मांडून ठेवले होते. मी ओरडलेच. ती म्हणाली, "आई, जरा धूप दाखवली की अजून चार गाणी चालतात. सगळेच ठेवतात, इसमें चिल्लाने का क्या है?" मी सेल पदरात गोळा केले आणि खाली आले. तिला कारण सांगता आलं नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुम्हालाच सांगून बघते.

तुमचं ऐकायचं यंत्र मला अजून हातात धरल्यासारखं आठवतं. खिशात मावेल एवढा डबा, त्यातून कानापर्यंत एक वायर, आणि दुसरी कोटाखालून कमरेला, जिथे आईने शिवलेल्या खाकी पिशवीत दोन बॅटऱ्या असायच्या. एक बुटकी आणि एक चपटी. त्या मुंबईहून पोस्टाने यायच्या, म्हणून त्या फक्त कचेरीसाठी. लष्कर भागातल्या कचेरीच्या पायऱ्या चढताना तुम्ही बटण चालू करायचात, उतरताना बंद. घरात आम्ही तुमच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचो. फक्त रविवारी जेवणानंतर मला समोर बसवून तुम्ही बटण फिरवायचात आणि म्हणायचात, "हं, बोला बाईसाहेब. पाच मिनिटं तुमची." आठवड्याचं सगळं मी त्या पाच मिनिटांत कोंबायचे. आजही मला कुणाशी सावकाश बोलता येत नाही.

मग राज्यं जोडली गेली. ग्वाल्हेर आधीच मध्य भारतात गेलं होतं, आता मध्य भारतही मध्य प्रदेशात गेलं आणि राजधानी भोपाळला. कचेरीतल्या प्रत्येकाला नव्या साहेबासमोर उभं राहायचं होतं. भोपाळला कुणाला न्यायचं आणि घरी कुणाला पाठवायचं, ते तिथे ठरणार होतं. तुमची पाळी सोमवारी होती. मुंबईचं पार्सल आलं नव्हतं आणि यंत्रातला आवाज आठवडाभर बारीक होत चालला होता. त्या रविवारी तुम्ही मला समोर बसवलं नाहीत. जेवलात, यंत्र काढून ठेवलंत आणि झोपलात. आई म्हणाली, "टॉर्चचे सेल उन्हात ठेवले की पुन्हा जोर धरतात. ह्या पिशवीलाही ऊन दाखवून आण. घटकाभरच हं." ज्येष्ठातलं ऊन होतं. मी पिशवी गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवली आणि खाली येऊन वाळ्याच्या ताटीजवळ बसले. ताटीवर नुकतंच पाणी मारलेलं होतं. डोळा लागला.

जाग येते तेव्हा चार वाजून गेलेले असतात. चपट्या बॅटरीतलं मेण वितळून पिशवीबाहेर आलेलं आहे, डांबरासारखं काहीतरी पत्र्यावर पसरलेलं आहे. तुम्ही वायर जोडता, बटण फिरवता, पुन्हा फिरवता. मग आईवर ओरडता, "विचारायचं तरी!" आणि आई रडत रडत, तितक्याच जोराने, "विचारलं असतं तर ऐकू आलं असतं का?" तुम्हाला तेही ऐकू येत नाही. तुम्ही माझ्याकडे वळून हाताने विचारता, काय म्हणतेय ही? मी खांदे उडवते. मी झोपून गेले होते, हे आई सांगत नाही. तिने ते कधीच सांगितलं नाही.

सोमवारी तुम्ही ती मेलेली बॅटरी कमरेला बांधून, वायर कानाला लावून गेलात. पुढचं शेजारच्या काकांनी सांगितलं. ते तुमच्याच कचेरीत होते. आमच्या ओट्यावर बसून, चहा बशीत ओतत ते म्हणाले, "वहिनी, साहब ने तीन दफा पूछा. साधा सवाल, नोकरी किती वर्षं झाली? हे नुसते हसतायत. मी मागून खुणा करतोय तर चपराशी मलाच हटकतो. साहब बोले, कान में मशीन लगी है, फिर जवाब क्यों नहीं देते?"

"यंत्र बंद आहे असं सांगायचं ना त्यांनी," आई म्हणाली.

"सांगितलं असतं तर बहिरा म्हणून नाव कटलं असतं, वहिनी. नाही सांगितलं, तर उद्धट म्हणून कटलं."

काका भोपाळला गेले. तुम्ही काही महिने घरी बसलात, मग कंपू मोहल्ल्यातल्या एका वकिलाकडे कागदांच्या नकला करू लागलात. तिथे ऐकावं लागत नव्हतं. मुंबईचं पार्सल त्या सोमवारनंतर दहा दिवसांनी आलं. आणखी तीन दिवसांनी आईने ते पुढे केलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता कचेरी कुठे आहे? कशाला उगीच बॅटरी जाळायची?" मी तिथेच उभी होते, अण्णा. त्या दिवशीही रविवार होता. पार्सल कपाटावर तसंच राहिलं, आणि मला काही ते उघडून तुमच्यासमोर बसता आलं नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. भावंडांना मी नेहमी सांगत आले की तुमच्या शेवटच्या आजारात मी त्या दुपारचं सगळं तुमच्यापाशी कबूल केलं आणि तुम्ही मान हलवलीत. ते खोटं नाही. इस्पितळात तुमच्या उशाशी बसून मी अगदी हळू, स्वतःच्याच आवाजात सांगितलं, आणि तुम्ही हसून मान हलवलीत. बोटांनी खुणा करून सांगता आलं असतं. पाटी होती, पेन्सिल होती. तुम्हाला ऐकू येणार नाही याची खात्री होती, म्हणूनच मी बोलले.