माथ्यावरचे नाकेघर आणि त्याची विहीर

मी, खाली सही करणारा, धंद्याने गवंडी, पन्नाशीला आलेला, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. बिघाड छातीत आहे आणि तो दुरुस्त करायला मोठ्या इस्पितळात पुढच्या आठवड्यात बोलावले आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरायचे कारण नाही. मी घाबरलेलो नाही, पण काम अर्धे टाकून परगावी जायची मला सवय नाही. कोणी धाक घातलेला नाही, कोणी भरीस पाडलेले नाही. परमेश्वराला स्मरून लिहितो.

बायको म्हणाली, "आधी बरे होऊन या, मग वाटण्या करा." तिचे बरोबर आहे. तरी लिहितो.

मिळकतीचे वर्णन नेमके हवे, असे वकीलबाईंनी बजावले आहे. नेमके सांगायचे तर मागून सुरुवात करावी लागते. परक्यांचे राज्य होते तेव्हा डोंगर ओलांडणाऱ्या गाड्यांकडून जकात घ्यायला त्यांनी या माथ्यावर हे दगडी घर बांधले. पुढे दोन खोल्या, मागे दोन, मध्ये जाड भिंत. आमचे पणजोबा नाकेदार होते. मग मोजणीवाला साहेब आला आणि अंगणात तंबू ठोकून राहिला. पाणी पूर्वेला वाहते तो एक जिल्हा आणि पश्चिमेला वाहते तो दुसरा, असे त्याने ठरवले व माथ्यामाथ्याने रेघ ओढली. ती आमच्या आढ्यावरून गेली. आजही पाऊस झाला की पुढच्या पागोळ्या एका नदीला जातात आणि मागच्या दुसरीला. जिल्ह्यांना साहेबांची आडनावे होती. राज्य गेले, जकात उठली, घर पणजोबांकडे राहिले, जिल्ह्यांची नावे बदलली. रेघ मात्र कोणाला बदलावीशी वाटली नाही.

कचेरीतल्या नकाशावर मी ती पाहिली आहे. शाईच एवढी जाड आहे की आमचे अख्खे घर तिच्याखाली जाते. म्हणून दिव्याच्या खांबासाठी अर्ज केला की हे म्हणतात त्यांच्याकडे जा, आणि ते म्हणतात यांच्याकडे. दोन्ही जिल्ह्यांच्या बस आमच्या दारात येऊन वळतात. उतारू एकीतून उतरतात, आमच्या अंगणातून चालत जातात आणि दुसरीत बसतात. नळ दोन्ही बाजूंनी निघाला आणि दोन्हीकडे उतारावरच थांबला. म्हणून विहीर. सगळे येऊन त्या विहिरीशी अडते.

कलम पहिले. पुढच्या दोन खोल्या माझ्या आहेत. त्या माझ्या मुलीला द्याव्यात. बायकोने हयातभर तिथेच राहावे, मालकिणीसारखे, पाहुणीसारखे नव्हे. पोस्टातली शिल्लक बायकोची.

कलम दुसरे. माझी थापी, ओळंबा, गुण्या, छिन्न्या आणि मोठा हातोडा मुलीला. ती माझ्या हाताखाली शिकली आहे आणि तिचा कोपरा माझ्यापेक्षा सरळ येतो. खालच्या बाजारपेठेतला कंत्राटदार तिच्या तोंडावर म्हणाला होता, "पोरी, भिंत बांधायची असते, रांगोळी घालायची नसते." त्याच्या गोदामाची भिंत तेव्हाच फुगलेली होती. तो दुरुस्तीला बोलावणार हे नक्की. मुलीने जावे, काम चोख करावे, मात्र त्याने अंगणात येऊन बोलावल्याशिवाय जाऊ नये. कोणत्याही जिल्ह्याच्या बाजूने आला तरी चालेल.

कलम तिसरे. तो मोजणीवाला साहेब इथेच तापाने गेला. त्याची कबर चढणीच्या वळणावर आहे. आमच्या घरातून तिच्यावरचे गवत पिढ्यानपिढ्या काढले जाते. आजोबांना मी विचारले होते, ज्याने आपल्या घराचे दोन तुकडे केले त्याचे गवत आपण का काढायचे? आजोबा म्हणाले, "माणूस परका होता रे, ताप तर इथलाच होता." मुलीने गवत काढत राहावे. माझ्यासाठी दगड लावू नये. या माथ्यावर एका दगडाने पुरेसे भांडण लावले आहे.

कलम चौथे, तो दगड. बाबांनी वाटणी करताना मोजणीचा खर्च वाचवला. सरकारने आयती रेघ आखून ठेवली आहे, असे त्यांना वाटले. मधल्या भिंतीच्या पुढचे धाकट्याला म्हणजे मला, मागचे थोरल्याला म्हणजे दादाला, आणि अंगण साहेबाने पुरलेल्या हद्दीच्या दगडावरून. विहीर दगडाला लागूनच. दादा पश्चिमेकडची बस चालवत. एका पावसाळ्यात बस वळवताना दगड पडला. दादा म्हणतात तो आधीच पडलेला होता. रस्त्याच्या मजुरांनी तो अंदाजाने पुन्हा उभा केला, आणि तेव्हापासून विहीर त्यांची की माझी हे कोणाला सांगता येत नाही.

खरे तर सांगता येते. मोजणीवाले दगड पुरताना त्याच्या खाली कोळसा भरत. लाकूड कुजते, दगड हलतो, कोळसा जागचा हलत नाही. खणले की खरी जागा कळेल. आम्हा दोघांना हे ठाऊक आहे.

"खण की. धरलंय कोणी तुला?" दादा म्हणत.

"तुम्ही थोरले. पहिलं फावडं तुमचं."

"माझी कंबर धरते."

"बस वळवताना नव्हती धरत."

एवढ्यावर बोलणे थांबले ते थांबलेच. त्यांनी मधल्या भिंतीतले दार बंद करायला सांगितले. दुसरा गवंडी मिळेना, म्हणून मीच चिणले. काम पक्के झाले आहे, याचेच वाईट वाटते. पाणी मात्र दोघेही भरत आलो. सकाळी ते, उन्हं कलल्यावर आम्ही. कोणी ठरवले नाही, कोणी मोडलेही नाही.

हे आम्ही दोघे आहोत तोवर चालेल. पुतण्याने पंपासाठी माप घेतले आहे. पोरगा वाईट नाही, पण ही पाळी त्याने कधी पाळलेली नाही. मी गेल्यावर माझी मुलगी बादली घेऊन गेली आणि तिथे कुलूप दिसले, तर या बाकीच्या कलमांना अर्थ नाही. पाण्याविना घर राहत नाही आणि चुनाही कालवता येत नाही.

म्हणून कलम पाचवे. विहिरीवरचा माझा हक्क, कोळसा कुठेही निघो, मी संपूर्णपणे दादांना देत आहे. मुलीला दिला तर तिला विहीर मिळणार नाही, भांडण मिळेल. दादांना दिला तर ती त्यांची जबाबदारी होते, आणि जबाबदारीची बस त्यांनी कधी वाटेत सोडलेली नाही. माझ्या बायकोला व मुलीला कायम पाणी भरू द्यावे, एवढीच अट. कोळसा कोणी खणू नये.

कलम सहावे. मधले दार मी इस्पितळात जाण्याआधी स्वतः उघडणार आहे. डॉक्टरांनी हातोडा उचलू नको म्हटले आहे. मुलगी उचलेल, मी ओळंबा धरीन.

इतके लिहून मी हे अंगणात वाचून दाखवले. वकीलबाई होत्या, आणि दोन्ही जिल्ह्यांची पत्रे आणणारे पोस्टमन साक्षीला होते. दुसरे साक्षीदार म्हणून शाळेचे मास्तर यायचे होते. त्यांची बस घाटात बंद पडली. दादा विहिरीवर होते. बादली खाली ठेवून सगळे ऐकले. मग आले आणि म्हणाले, "पेन दे."

वकीलबाई म्हणाल्या, "काका, तुम्ही नाही. ज्याला काही मिळतं त्यानं साक्षीदार म्हणून सही केली तर त्याचं मिळणं रद्द होतं. विहिरीचा हक्क मग मुलीला लिहावा लागेल."

"मला काय मिळतंय ते ऐकलं मी. आता तर पेन द्याच."

"पुन्हा विचार करा."

"बाई, इतकी वर्षं वळवतोय मी गाडी. कुठे वळवायची ते कळतं." मग मुलीकडे बघून म्हणाले, "कुलूप कोण लावतो ते बघतो मी. आणि दार उद्याच पाड. बापाचं चिणलेलं आहे, वेळ लागेल."

म्हणून शेवटचे कलम, सर्वांसमोर लिहिलेले. वर न सांगितलेले किंवा रद्द होणारे जे काही असेल ते सर्व माझ्या मुलीचे. आम्ही तिघांनी एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण : जुने नाकेघर, अंगण. जिल्हा : दोन्ही.
दिनांक : अकरा, सोमवार.

लिहून देणार : (सही) गवंडी

साक्षीदार पहिला : (सही) पोस्टमन

साक्षीदार दुसरा : (सही) लिहून देणाऱ्याचा थोरला भाऊ, बसचालक. दगड माझ्या बसने पडलेला नाही. बाकी सर्व मजकूर मान्य.