हात धरून शिकवलेलं

सोमवार, ८ जानेवारी
आले बाई एकदाची. इंदापूरच्या स्टँडवर सर्जेराव आबा स्वतः जीप घेऊन आले होते. पिशवी उचलू दिली नाही, आणि बावड्यापर्यंत त्यांनी आपल्या रोपवाटिकेची इतकी तारीफ केली की मला वाटलं, मुलगी बघायला आलेत की काय. जागा खरंच छान आहे. चहूबाजूंनी ऊस, मध्ये शेडनेटची सहा घरं, आणि ऑफिसच्या वरची खोली माझी. चहात साखर मोजायची पद्धत इकडे नसावी.

बायका ट्रेमध्ये टोमॅटो-मिरचीचं बी टाकतात, एका ट्रेला अठ्ठ्याण्णव कप्पे. त्यांचा वेग वाढवायला मला आणलंय. हडपसरच्या शिलाई कारखान्यात मी पाच वर्षं हेच केलं. माणसांच्या हातांचे व्हिडिओ काढायचे आणि कुठली हालचाल फुकट जाते ते शोधायचं. गंमत अशी की ज्याचे हात, त्यालाच पत्ता नसतो. एक मास्तर दर कॉलरमागे एकदा कान चाचपायचे. मी दाखवून दिलं, तर आठवडाभर त्यांनी माझ्याशी अबोला धरला.

मंगळवार, ९ जानेवारी
बारा बायका आहेत. त्यांत ठमाबाईंचा हात बघत राहावा असा. साठीच्या असतील, पण बोटांतून बी असं सुटतं की मोजेपर्यंत ट्रे संपतो. बसताना त्या आपला डावा पाय सुतळीने टेबलाच्या पायाला बांधून घेतात. विचारलं तर म्हणाल्या, सवय हाय.

त्यांचीही एक फुकटची हालचाल सापडली. ट्रे संपला की दोन्ही तळवे वर जातात, हवेत कशावर तरी टेकल्यासारखे थांबतात, मग बोटं वाकवून छातीपर्यंत ओढत खाली येतात. दर ट्रेला. मोबाईलवर दाखवलं तर त्यांनी पदर तोंडाला लावला आणि म्हणाल्या, ती बाई मी न्हाय. मला हसू आलं. सगळे असंच म्हणतात.

गुरुवार, ११ जानेवारी
काम स्वतः आल्याशिवाय दुसऱ्याला शहाणपण शिकवायचं नाही, हा माझा नियम. बाकीच्या बायका लांबूनच दाखवतात. मला हात धरून शिकायचं होतं, आणि तेही ठमाबाईंकडून. त्या दोनदा नाही म्हणाल्या. मॅडम, बघून शिका, माझं हात नका मागू. मला राग आला. आबांना सांगेन तुम्ही सहकार्य करत नाही, असं बोलून गेले. बोलायला नको होतं.

मग त्या माझ्या मागे बसल्या आणि त्यांनी आपले हात माझ्या हातांवर ठेवले. बाकीच्या बायकांचे हात ट्रेवरच थांबले. तासाभरात माझी बोटं अशी चालायला लागली की मलाच कौतुक वाटलं. उठताना ठमाबाईंनी आपले तळवे उलटसुलट करून पाहिले आणि रडायला लागल्या. म्हातारे हात दुखत असतील म्हणून मी त्यांना मलम दिलं.

शनिवार, १३ जानेवारी
ठमाबाईंनी सुतळी टाकून दिली आहे. वेग निम्म्यावर आलाय, बी सांडतात, आणि चेहरा मात्र माहेरी आल्यासारखा. ती हालचालही बंद झाली. व्हिडिओ दाखवल्याचा परिणाम, असं मी आबांना सांगितलं. जरा फुशारकीनेच.

दुपारी मोबाईल स्टँडला लावून मी माझंच काम चित्रित केलं. दुसऱ्यांच्या चुका काढते, आपल्याही पाहाव्यात म्हणून. एकोणीस ट्रे भरले. एकोणीस वेळा माझे तळवे वर गेले, हवेत टेकले, बोटं वाकली, छातीपर्यंत ओढली गेली.

मला एकदाही झालेलं आठवत नाही. ते हात मी पाच वेळा पाहिले. अंगठी माझीच आहे.

सोमवार, १५ जानेवारी
संक्रांत. अनिता नावाची बाई तिळगूळ द्यायला वर आली. वडी तिने वरूनच माझ्या तळहातावर सोडली, बोट लागू दिलं नाही. मी दार अडवून विचारलं तेव्हा बोलली.

ठमाबाईंना नकोशी नावाच्या बाईने हात धरून शिकवलं होतं. दोघी जिवाभावाच्या मैत्रिणी. दोन वर्षांपूर्वी नकोशी मागच्या शेततळ्यात घसरून बुडाली. तळ्याला सगळीकडून प्लास्टिकचा कागद, वर शेवाळ. धरायला काही नाही. ती वर चढायची, घसरायची, पुन्हा चढायची. ताई, कागदावर नखाचं वरखडं हुतं, असं अनिता म्हणाली. त्याच वेळी इकडे शेडमध्ये ठमाबाईंचे हात हवेत वर गेले आणि तेव्हापासून थांबलेच नाहीत. पुढे पायही तळ्याकडे जायला लागले, म्हणून सुतळी. तेव्हापासून इथे कुणी कुणाचा हात धरत नाही.

मी उगाच हसले. आपल्याकडे कशाचीही गोष्ट होते. पण अनिता माझ्या चपलांकडे बघत होती. त्या ओल्या होत्या. मी सकाळपासून खोलीतून बाहेर पडले नव्हते. निदान मला तसं वाटत होतं.

बुधवार, १७ जानेवारी
निघायचं ठरवलं. नोकऱ्या छप्पन्न मिळतील. सकाळी फाट्यावर जाऊन बारामतीच्या एसटीत चढले. खिडकीची जागा मिळाली, तिकीट काढलं. कंडक्टरने सुट्टे मागितल्याचंही आठवतं.

त्यानंतरचं आठवतं ते समोर अर्धा भरलेला ट्रे. मी शेडमध्ये माझ्या जागेवर बसले होते. तिकीट मुठीत चुरगळलेलं. बायका खाली माना घालून काम करत होत्या.

दुपारी पुन्हा गेले. पुन्हा तेच. चारला आबांना म्हटलं, जीपने सोडा. त्यांनी मला स्टँडवर सोडलं, असं ते शपथेवर सांगतात.

बॅग तळ्याच्या बांधावर सापडली. बांधावर वाकून मी कागदावर तळवा टेकवला. खाली घसरला. बोटं आपोआप वाकली. नेमकी तीच हालचाल.

गुरुवार, १८ जानेवारी
पाय बांधून बसते. ठमाबाई आल्या, माझ्यापासून चार हात लांब उभ्या राहिल्या. म्हणाल्या, तुमच्या हातात गेलं तवा माझं मला मिळालं. मी मुद्दाम न्हाय केलं, पर मला ठावं हुतं. सुटायचं तर कुणाला तरी पुढ्यात बसवा. बाहेरचं कुनी. जसं तुमी आला.

मला त्यांचा भयंकर संताप आला. मग आठवलं, धमकी मीच दिली होती.

कुणालाही बसवणार नाही. हे इथे लिहून ठेवते. मेले तरी नाही.

शुक्रवार, १९ जानेवारी
गाठी सुटतात. मीच सोडते, म्हणजे माझी बोटं. आज भान आलं तेव्हा गुडघ्यापर्यंत पाण्यात होते, एका हाताने बांधाचं गवत धरलेलं. गवत उपटत आलं होतं. कशी वर आले, माहीत नाही.

धाकट्या बहिणीला फोन केला. श्रेया उद्या साताऱ्याहून गाडी घेऊन येईल. सांगितलं, मला सीटला बांध आणि घरी पोचेपर्यंत सोडू नकोस. आणि माझ्या हाताला हात लावायचा नाही. ती आधी हसली. मग म्हणाली, ताई, तू रडतेस का?

हो. भीती वाटते.

शनिवार, २० जानेवारी, सकाळी
हातांवर मोजे. वरून चिकटपट्टी, दातांनी ओढून. पेन कसंबसं धरलंय. पाय पलंगाला, तीन गाठी.

श्रेया निघाली. दहापर्यंत येते म्हणाली.

तिला शिकवणार नाही. तिला शिकवणार नाही. तिला —

शनिवार, दुपारी
किती हलकं वाटतंय.

पेन धरलंय ते कळतंय. अंगठा कुठे टेकलाय, मनगट कुठे दुखतंय, सगळं. आत्ता पाण्याचा तांब्या उचलला आणि उचलताना मला कळत होतं की मी उचलतेय. मी दोन्ही हात गालांना लावले. माझे हात. नऊ दिवसांनी माझे.

सव्वा वाजलाय.

मोजे जमिनीवर. चिकटपट्टी चावून तोडलेली —

श्रेयाची गाडी खाली उभी आहे. केव्हा आली? टेबलावर ट्रे आहे. वर कुणी आणला? भरलेला, अठ्ठ्याण्णवच्या अठ्ठ्याण्णव. समोर खुर्ची. तिच्या मागे अगदी लागून दुसरी. पुढच्या खुर्चीवर श्रेयाची ओढणी —

मी नाही. मी ठरवलं होतं, मी लिहून —

खिडकीतून दिसतेय. चालतेय. हाक मारली, वळली नाही. पुन्हा मारली. श्रेया, तिकडे रस्ता नाही, तिकडे नुसतं