कावळा शिवेपर्यंत

३ फेब्रुवारी

आज परत रुमाल!

ज्योतिबा आला, उंबऱ्यावर थांबला, खिशातला रुमाल काढून नाकातोंडावर दाबला आणि तिथनंच विचारलं, "आई, बरं हाय न्हवं?" आत्यांनी खाटेवरनं हात पुढं केला. हा आत आलाच न्हाय. "डंपर उभा हाय" म्हणाला आणि गेला.

सासू माझी, आई त्याची! गू-मूत मी काढतोय आणि वास त्याला येतोय. मी ह्या घरात लगीन होऊन आले तवा हा दीर शाळेत जात होता. त्याचा डबा मी भरलाय. हे गेले तवा मला वाटलं, धाकटा हाय की, बघंल आईकडं. बघतोय! लांबनं, रुमालातनं.

डंपर त्याचेच. विमानतळाची धावपट्टी लांबवाय लागल्यात, तिथल्या भरावाला हाच मुरूम पुरवतो. स्वतः डंपरवर बसून दिवसभर फेऱ्या. तुळस लाल, भांडी लाल, दोरीवरची लुगडी लाल. अंगणवाडीत माझी निम्मी पोरं खोकत्यात, गाणं म्हणायला घेतलं की मधेच थांबत्यात. भरावानं नाला अडला आणि तवापासनं विहिरीच्या पाण्याला रॉकेलचा वास.

६ फेब्रुवारी

आत्या बसूनच झोपत्यात. आडवं झालं की दम कोंडतो. बेळगावच्या डॉक्टरीण बाई म्हणाल्या, "ह्यांना धुळीत ठेवू नका." आता धुळीतनं काढून कुठं ठेवू? येळ्ळूरचा भाऊ म्हणतोय, माहेरी घेऊन ये. आत्या उठायलाच तयार न्हाईत — "माझं घर सोडून मी कुठं येऊ गं?"

७ फेब्रुवारी

धावपट्टीच्या कामाची गेल्या सालची सुनावणी डोक्यातनं जात न्हाय. पंचायतीसमोर मांडव, साहेब लोक, माइक. गावाला काय त्रास हाय काय, असं त्यांनी विचारलं. लोकं एकमेकांकडं बघत बसली. आणि आमचा ज्योतिबा उठला! कन्नडात, ऐटीत — "त्रास काय बी न्हाय साहेब. माझ्याच घरात म्हातारी आई हाय, ठणठणीत हाय."

लाऊडस्पीकर आमच्या खांबावर. आत्या इथं खोकून खोकून अर्ध्या झाल्या हुत्या आणि ते ऐकत हुत्या. ऐकून काय म्हणाल्या? "माझा ज्योतिबा किती चांगलं कन्नड बोलतोय गं!"

ह्याची शिक्षा त्याला मिळाली पायजे. देव देत नसंल तर मी देतो.

९ फेब्रुवारी

आत्या गेल्या.

दुपारचं विमान उतरत हुतं. आत्यांनी माझा हात ओढला, ओठ हलले. मी कान नेला तोंडाजवळ — विमान डोक्यावर, खिडकी थरथरली, पत्रा वाजला. काय बी ऐकू आलं न्हाय. विमान गेलं तवा आत्या पण गेल्या हुत्या.

काय म्हणाल्या? आता कुणाला विचारू?

११ फेब्रुवारी

परवा मसणात सगळ्यांच्या पुढं तोच. मडकं त्यानंच फोडलं. आणि चितेसमोर सुद्धा रुमाल! जळत्या आईचा पण वास येतो व्हय रं तुला?

सोडायची न्हाय ह्याला.

१४ फेब्रुवारी

दहाव्याची बोलणी झाली. भावकी म्हणाली, नदीवर करू, तिथं कावळे लई.

मी म्हटलं, न्हाय. आत्यांची इच्छा हुती, आपल्या नाल्याकडच्या रानातच करायचं. तेच ठरलं. म्हातारीची इच्छा म्हटल्यावर कोण मोडणार?

आत्या असलं काय बी बोलल्या न्हाईत. पण मला ठावं हाय — ते रान विमानतळाच्या कुंपणाला लागून. तिथं कावळा बसत न्हाय. पाखरं विमानात शिरू नयेत म्हणून आमच्याच गावच्या मष्णूला तिथं ठेवलाय, दिवसभर फटाके उडवायला. आत्या रोज कौलावर कावळ्याला भाकरी टाकायच्या, ती सुद्धा वाळून खाली पडाय लागलती. मष्णू दुपारी डबा खायला बसतो तेवढाच काय तो फटाका थांबतो, आणि त्याच्या डब्यातले तुकडे खायला कावळे कुंपणावर येत्यात. म्हशीला चारायला जातो तवा मी रोज बघतो.

तवर ज्योतिबा उभा राहू दे उन्हात. आईचा जीव कशात अडकलाय ते सगळ्या गावाला दिसू दे.

१८ फेब्रुवारी

झालं! घरी आल्या आल्या लिहितो.

केळीच्या पानावर पिंड ठेवले. बाजूला आत्यांची आवडती शेंगदाण्याची चटणी, भाकरी, बशीत चहा. सगळी मागं सरकून उभी राहिली. ज्योतिबा पुढं, अनवाणी, उघडा. आभाळात दोन कावळे दिसले — फाट! मष्णूचा फटाका. गेले. परत आले — फाट!

भावकी आत्यांना हाक मारून एकेक कबूल कराय लागली. "अंबुआक्का, नातीचं लगीन थाटात करू." न्हाय. "तुझी म्हस विकत न्हाय बघ." न्हाय. कुंपणापलीकडनं डंपर जात हुते, त्यांचा धुरळा सगळा आमच्यावर. कुणीतरी म्हणालं, दर्भाचा कावळा करून शिववा आणि मोकळं व्हा. मी म्हटलं, "का? दोन लेकरांची आई ती, तिच्या नशिबाला गवताचा कावळा?"

ज्योतिबाचं तोंड काळंठिक्कर. रुमाल दाबलेला. मला लई बरं वाटत हुतं. खोटं कशाला लिहू, लई बरं वाटत हुतं.

मग मी पुढं गेले. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "आत्या जाताना मला सांगून गेल्यात. ज्योतिबा सुनावणीत खोटं बोलला, ते त्यानं खोडून काढायचं. परत माइकवर, परत सगळ्यांसमोर."

तो माझ्याकडं वळला. "वहिनी, आई असं म्हणाली?"

"व्हय."

जीभ जरा सुद्धा अडली न्हाय.

त्यानं हात जोडले. "सांगतो, आई. सगळं सांगतो."

आणि तिकडं मष्णूनं डबा उघडला. कुंपणावरनं एक कावळा उडाला, पिंडाजवळ उतरला आणि चोच मारली! "शिवला! शिवला!" बाया रडाय लागल्या. ज्योतिबा मातीतच खाली बसला, तोंड रुमालात घालून गदागदा हलत हुता. कुणी पाणी द्यायला निघालं, तर मी म्हटलं, राहू दे, रडू दे पोटभर.

२० फेब्रुवारी

सुनावणी ६ मार्चला परत हाय, पुढच्या वाढीव कामाची. बरं जमलं! बेळगावात काढलेला आत्यांच्या छातीचा एक्स-रे फोटो पेटीतनं बाहेर काढून ठेवला. हाच त्याच्या हातात देणार. धर म्हणणार, दाखव साहेबाला, किती ठणठणीत हुती तुझी आई.

२८ फेब्रुवारी

त्याचे डंपर कामावरनं काढले म्हणं. तो माइकवर काय बोलणार ते वरपर्यंत कळलंय. दोन्ही डंपर दारात उभे. येता-जाता लोकं बघत्यात.

भोग म्हणावं.

२ मार्च

वाटेत दिसला. सदरा अंगावर लोंबतोय, वाळून काटकी झालाय. चढावर थांबून थांबून चालत हुता. मला बघून हसला. मी मान फिरवली. आतनं कुरतडाय लागलं तर एवढंच — आत्या त्याला बघून म्हणाल्या असत्या, जेवला न्हाईस व्हय रं?

म्हणू देत. मी न्हाय म्हणणार.

६ मार्च

मांडवात मी फोटोचं पाकीट त्याच्या हातात दिलं. तो म्हणाला, "आईचा नंतर दाखवतो, वहिनी," आणि पिशवीतनं दुसराच काढला. माइकवर मराठीत बोलला — "मी खोटं बोललो. हा आईचा न्हाय, माझा फोटो. मुरमाच्या धुळीनं दोन्ही फुफ्फुसं गेल्यात. डॉक्टर म्हणत्यात, औषध न्हाय. माझा खोकला आईला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर रुमाल धरत हुतो." पुढचं बोलता येईना. सगळा गाव लाऊडस्पीकरवर त्याचा खोकला ऐकत बसला.

आत्ता दारात आलाय. रुमाल न्हाय हातात. उंबऱ्यावरच थांबलाय आणि विचारतोय, "वहिनी, आत येऊ?"