उजवीकडचं बटण

२१ सप्टेंबर २००८, रविवार
परत पाच! कॉम्प्युटर उघडला की खालच्या पट्टीवर एकामागून एक सूचना — या बटणाचा प्रोग्राम बसवलेला नाही, बटण काढायचं का? सगळं रशियनमध्ये. माझं शिक्षण दहावीपर्यंत, तेही उझबेकीत. सूनबाईने, महलियोने, वाचून दाखवलं : डावीकडे ‘काढा’, उजवीकडे ‘राहू द्या’. रशियात समाराला कामाला जाताना लेकाने, इल्योरने, आपले जड प्रोग्राम काढून टाकले. मशीन अम्मीला हलकं चालेल म्हणे! बटणं मात्र तशीच.

काढून टाकूया ना, ओयीजान, असं महलियो म्हणत होती. मी साफ नको म्हटलं. माणूस प्रवासाला निघाला की त्याच्यामागे घर झाडत नाहीत. त्याने लावलेली बटणं तो परत येईपर्यंत तशीच राहतील.

पाचही वेळा उजवीकडे दाबलं. मग महलियोने त्याला पडद्यावर बोलावलं. बारीक झालाय.

२४ सप्टेंबर
महलियोला बाळंतपणाला माहेरी पोचवून आले. तिथे फोन नाही, इथेही नाही. आता रविवारी दहा वाजता मी आणि हे यंत्र. ठरलंय असं — तोच बोलावेल, मी फक्त समोर बसायचं.

२८ सप्टेंबर, रविवार
आज सहा आल्या. उजवीकडे, उजवीकडे. मग कानातली तार लावून तासभर बसले. इल्योर आलाच नाही. रोजा असताना राग करू नये. केला.

३० सप्टेंबर
माहेरून निरोप आला, मुलगी झाली! दोघी सुखरूप. हयित, म्हणजे ईद, उद्यावर, आणि घरात लेक — शुक्र आहे अल्लाहचा.

इल्योर जाताना बजावून गेलाय, नाव मी सांगेन, माझ्याआधी कोणी ठेवायचं नाही. त्याला कळवायचं कसं?

५ ऑक्टोबर, रविवार
नऊ! एक दाबली की दुसरी तयार. शेवटच्या चार तर एकाच तोंडवळ्याच्या, माझा पिच्छाच पुरवला. दाबून दाबून बोट दुखलं. इल्योर नाही.

७ ऑक्टोबर
टपाल कचेरीत जाऊन त्याचा नंबर लावला. बंद. महिन्यात दुसऱ्यांदा बदलला असणार. शेजारच्या साबोहतला कॉम्प्युटर येतो, शाळेत शिकवते. पण सरकारी हुकमावरून सगळे शिक्षक कापूस वेचायला गेलेत.

९ ऑक्टोबर
महलियोकडे गेले होते. नात गोरी, कपाळ इल्योरचं. विहीणबाई चहा ओतता ओतता म्हणाल्या, “बापाला सवड होईपर्यंत पोरीला नुसतं ‘ए’ म्हणायचं का?” पेला अर्धाच भरला होता, पुन्हा पुन्हा ओतता यावा असा, पाहुण्याचा मान म्हणून. मला मात्र त्यातही टोमणाच दिसला. महलियोचे डोळे सुजलेले होते.

१२ ऑक्टोबर, रविवार
अकरा. यंत्रावर चादर टाकली.

१५ ऑक्टोबर, बुधवार
साबोहत कापसावरून आली. हात ओरबाडलेले. तशीच ओढून आणली. पट्टीवरच्या सूचना तिने वाचल्या, मग बोलायच्या प्रोग्राममध्ये शिरून जुनी नोंद वाचली.

“आपा, सूचना पाचच होत्या. बाकीचा इल्योर होता.”

“कुठे होता?”

“इल्योर बोलावतोय, असं लिहून येतं. तिथे उजवीकडचं बटण म्हणजे ‘नाकारा’. तीन रविवारांत तुम्ही पोराला अकरा वेळा नाकारलंत.”

मला धड रडूही येईना. तिने तेव्हाच विचारलं, आता ती पाच बटणं काढू ना? काढ म्हटलं. मग त्याला बोलावलं. चारदा बोलावलं. तिकडे कोणीच नाही. रविवारपासून यंत्राला हातही लावलेला नाही त्याने, असं साबोहत म्हणाली.

नमाजात दोन नफ्ल जास्त पढले.

१६ ऑक्टोबर
पहाटेच्या नमाजानंतर दार वाजलं. इल्योर. काम सोडून, दोन रात्री आगगाडीत बसून आलाय. आत येईना. म्हणाला, “गल्लीच्या तोंडाशी उभा होतो. मयताच्या घरासारखी आपल्या दारापुढे बाकं टाकलीत का, कमरेला रुमाल बांधून माणसं उभी आहेत का, बघत होतो. अम्मी, तू माझ्याशी बोलणं टाळत होतीस. महलियो की बाळ, कोण गेलं?”